टोकियो ते लॉस एंजेलिस: अंतर एकच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

रेखावृत्त (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी शाळेत भूगोल शिकवते. सध्या वर्गात रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ चालू आहे, म्हणून मुलांना गृहपाठ दिला होता: पृथ्वीगोलावरची कुठलीही दोन शहरं घ्या, त्यांच्यातलं अंतर काढा आणि विमानाला किती वेळ लागेल ते सांगा. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरा म्हटलं होतं.

एका मुलीने टोकियो आणि लॉस एंजेलिस निवडलं आणि तिथून सगळं सुरू झालं. दोन्ही शहरं साधारण एकाच अक्षवृत्ताच्या आसपास आहेत (एक ३५.७ उत्तर, दुसरं ३४ उत्तर). म्हणून तिने त्या अक्षवृत्ताच्या कडेकडेने अंतर मोजलं, ते आलं ९,३०० किमी. नेटवर अंतर विचारलं तर ८,८१५. बरं, ८,८१५ ला ९०० ने भागलं, उत्तर ९ तास ४८ मिनिटं. मग बाईसाहेबांनी विमान कंपन्यांची वेळापत्रकं उघडली. टोकियोहून जाताना साधारण १० तास, आणि तिकडून येताना पावणेबारा!

दुसऱ्या दिवशी वहीत तीन प्रश्न लिहून माझ्यासमोर उभी. दोन अंतरांपैकी खरं कुठलं? जाण्या-येण्यात पावणेदोन तासांचा फरक कशामुळे? आणि सोमवारी संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान सोमवारीच सकाळी ११ ला कसं उतरतं?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी बघून घेईन. दुसऱ्याला ‘वाऱ्यामुळे’ म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण ही पोरगी लगेच विचारणार, ‘किती वाऱ्यामुळे?’ ते आकडे हवे आहेत. विमानखात्यातलं कुणी इथे वावरत असेल तर जरा मदत करा.

सरळसोट

सोपं आहे हो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला त्या फिरण्याचा आयता फायदा मिळतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोटा होतो. विषय संपला.

खिडकीशेजारी

@सरळसोट, इतक्यात नका संपवू. विमान वर उचललं आणि पृथ्वी खालून पूर्वेकडे सरकत राहिली, तर लॉस एंजेलिस पुढे पुढे पळत राहील ना? मग पूर्वेकडे जाणाऱ्यालाच जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उलटं आहे. शिवाय विषुववृत्तावर पृथ्वीचा फिरण्याचा वेग ताशी १,६७० किमीच्या घरात आहे. तसं काही असतं तर हेलिकॉप्टर वर नेऊन नुसतं थांबवायचं, पश्चिमेकडचं गाव आपोआप खाली आलं असतं.

माझा अनुभव सांगते. मी कायम खिडकी घेते आणि समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसते. याच मार्गावर पूर्वेकडे जाताना त्या पडद्यावर वेग ताशी १,१०० च्या वर गेलेला बघितलाय. परतीला तोच आकडा ७५० च्या खाली. विमानाचा प्रकार तोच, कंपनी तीच. त्यामुळे कारण वाराच, पण धागाकर्तीला हवे आहेत तसे आकडे माझ्याकडे नाहीत.

गणोबा

अंतराच्या प्रश्नापुरतं लिहितो, म्हणजे तेवढा निकालात निघेल.

गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वात कमी अंतर हे बृहद्‌वृत्तावर असतं, म्हणजे ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो त्या वर्तुळावर. विषुववृत्त सोडलं तर एकही अक्षवृत्त बृहद्‌वृत्त नाही. मुलीने अक्षवृत्ताची वाट धरली म्हणून सुमारे ५०० किमी जास्त आले. तिचा हिशेब त्या वाटेपुरता बरोबरच आहे, हे तिला जरूर सांगा.

या जोडीची गंमत अशी की जवळची वाट मध्यावर ४८ उत्तर अक्षांशापर्यंत वर चढते. म्हणजे होक्काइडोच्या उत्तर टोकाच्याही वर, पार सिॲटलच्या रेषेत. भिंतीवरच्या नकाशात ती रेघ काढली तर कमानीसारखी दिसते आणि मुलं म्हणतात, हे तर वळसा घालणं झालं. गोलावर दोरा ताणला की आपोआप तीच वाट धरतो.

आणि ८,८१५ हा आकडा शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा आहे. विमान शहराच्या मध्यातून सुटत नाही. टोकियोच्या नारिता आणि हानेदा या दोन विमानतळांतच लॉस एंजेलिसपासूनच्या अंतरात ७०-८० किमीचा फरक आहे. पृथ्वी पूर्ण गोल धरली (त्रिज्या ६,३७१ किमी) की ध्रुवांशी चपटी धरली, यानेही अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर फरक पडतो. म्हणून ‘८,८१५’ मधल्या त्या शेवटच्या ५ वर फार जीव टाकू नये. ‘सुमारे ८,८००’ म्हणा आणि पुढे चला.

चॉक्स_ऑन

उशिरा बघितला धागा. माझी सगळी नोकरी डिस्पॅचमध्ये गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी खाली उतरावं.

डिस्पॅचर म्हणजे विमान निघण्याच्या काही तास आधी त्याची वाट, उंची, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवून तो कागद कॅप्टनपुढे ठेवणारा माणूस. प्रवाशांना तो कधी दिसत नाही. त्या कागदावर, म्हणजे फ्लाइट प्लॅनवर, अंतराचे दोन आकडे असतात. एक जमिनीवरचं अंतर आणि दुसरं हवेतलं अंतर. बाई, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे.

विमान ताशी ९०० किमीने चालतं ते हवेतून. हवा स्वतः कुठे चालली आहे याच्याशी इंजिनाला देणंघेणं नसतं. ती हवाच ताशी १०० किमीने पूर्वेकडे चाललेली असेल, तर पूर्वेकडे जाणारं विमान जमिनीवरून बघणाऱ्याला १,००० ने जाताना दिसतं आणि पश्चिमेकडे जाणारं ८०० ने. आता भागाकार करा. ८,८१५ ला १,००० ने भागलं तर ८ तास ४९ मिनिटं. ८०० ने भागलं तर ११ तास १ मिनिट. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, गेटला लागणं, यांची पाऊण-एक तासाची भर घाला. तुमच्या मुलीने वेळापत्रकात बघितलेले दोन्ही आकडे आले की नाही?

हेच आम्ही उलटं मांडायचो. जाताना विमानाला हवेतून फक्त ७,९३० किमी कापावे लागतात, येताना ९,९२०. जमिनीवर शहरं होती तिथेच आहेत, पण विमानाच्या लेखी एका बाजूने ती जवळजवळ २,००० किमी लांब गेली. इंधन जळतं ते हवेतल्या अंतराप्रमाणे. या मार्गावरची मोठी दुइंजिनी विमानं ताशी ५-६ टन इंधन पितात, त्यावरून दोन तासांचा हिशेब तुम्हीच करा.

इथे एक खोच आहे, ती मुलांना जरूर दाखवा. जाताना वाऱ्याने दिलं ते येताना काढून घेतलं, हिशेब चुकता, असं वाटतं. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून १९ तास ३६ मिनिटं झाली असती. वाऱ्यात ८:४९ अधिक ११:०१, म्हणजे १९ तास ५० मिनिटं. चौदा मिनिटं गेली ती गेलीच, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून त्याचा मार जास्त वेळ खातं. वारा ताशी २०० किमी करून बघा, तूट तासाच्या वर जाते.

आता वारा किती, तर मी सोयीसाठी १०० चा आकडा घेतला. तो संपूर्ण मार्गाची सरासरी म्हणून ठीक आहे, पण प्रत्यक्ष वारा असा पसरट नसतो, त्याची नदी असते. तिलाच जेट स्ट्रीम म्हणतात. आमच्याकडे ३४,००० आणि ३९,००० फुटांचे वाऱ्याचे नकाशे यायचे. त्यावर जागोजागी छोटे बाण. बाणाच्या शेपटीला अर्धी काडी म्हणजे ५ नॉट, पूर्ण काडी १० नॉट, आणि भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी). हिवाळ्यात जपानवरच्या बाणांना तीन-तीन त्रिकोण लागलेले असायचे. म्हणजे १५० नॉट, ताशी पावणेतीनशे किमीच्या वर. थंडीतला जपानवरचा वारा हा जगातल्या सर्वात जोरदार जेटपैकी एक आहे. उन्हाळ्यात तोच पट्टा उत्तरेला सरकतो आणि मवाळ होतो, त्रिकोण शोधावे लागतात.

खिडकीशेजारी ताईंना पडद्यावर १,१०० दिसले ते याच पट्ट्यात. त्या उंचीवर हवा उणे ५५ अंशांच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किमीच्या जवळपास असतो. पण विमानाने आवाजाचा वेग ओलांडला असं नव्हे. भोवतालच्या हवेच्या मानाने ते आपलं ९०० नेच चाललेलं असतं.

आणि म्हणूनच जाण्याची वाट आणि येण्याची वाट एक नसते! पूर्वेकडे जाताना आम्ही मुद्दाम त्या नदीत विमान घालायचो, मग बृहद्‌वृत्त सोडून दक्षिणेला सरकावं लागलं तरी चालेल. येताना तिला टाळून उत्तरेला, अलास्काच्या अल्यूशन बेटांकडून. माझ्या काळात जपानमधलं फुकुओका आणि कॅलिफोर्नियातलं ओकलंड ही हवाई वाहतुकीची दोन केंद्रं दर दिवशीचा वारा बघून प्रशांतावरच्या वाटा आखून द्यायची. आजची वाट उद्या नाही. अटलांटिकवरही तोच प्रकार, युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी दिवसाचा एक संच आणि परतणाऱ्यांसाठी रात्रीचा दुसरा.

फ्लाइट प्लॅनवर वाऱ्याचा सरासरी आकडा असायचा, ‘पी’ म्हणजे पाठचा आणि ‘एम’ म्हणजे समोरचा. पी ०७० असा आकडा दिसला की कॅप्टन कागद न वाचता सही करायला निघायचे. एम ०८५ दिसला की खुर्ची ओढून बसायचे.

@सरळसोट, तुम्ही अगदीच हवेत नाही आहात. विमानाला पृथ्वीचं फिरणं थेट लाभत नाही, कारण हवा आणि विमान दोन्ही पृथ्वीबरोबर आधीपासूनच फिरत असतात. पण विषुववृत्ताकडची तापलेली हवा वरून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, त्यातून हे पश्चिमी वारे तयार होतात. तेव्हा तुमचं कारण आहे, पण मधला एक मजला गाळून.

सरळसोट

मजला मिळाला, आभार. :)

पण मग येताना कॅप्टन थोडा वेग का वाढवत नाहीत? पावणेदोन तास म्हणजे थोडे नव्हेत.

चॉक्स_ऑन

वाढवायला जागा फारशी नसते. ही विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने चालतात. ०.८६ केलं तर ११ तासांत ७-८ मिनिटं वाचतील. त्यापुढे पंखावरची हवा जागोजागी आवाजाचा वेग ओलांडायला लागते, हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. लांब पल्ल्याच्या खेपेत कॅप्टनने ‘वेळ भरून काढली’ असं सांगितलं, तर बहुतेक वेळा वाट बदलून किंवा कमी वाऱ्याची उंची मागून काढलेली असते.

रेखावृत्त

काय सुंदर समजावलंत, काका (काका म्हटलेलं चालेल ना?). हवेतलं अंतर ही कल्पना मला स्वतःलाच नवीन आहे. उद्या फळ्यावर हीच दोन भागाकारं मांडणार.

पण एक शंका येते. हे सगळं वाऱ्यामुळेच आहे, दुसरं काही नाही, हे मुलांना स्वतः पडताळून बघता येईल असं काही आहे का? माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणणं मला आवडत नाही.

चॉक्स_ऑन

चालेल की. काकाच म्हणतात सगळे.

पडताळणी वेळापत्रकातच आहे. दक्षिणोत्तर जोड्या काढायला सांगा. टोकियो ते सिडनी सुमारे ७,८०० किमी, दोन्ही बाजूंनी साडेनऊ-पावणेदहा तास. लंडन ते जोहान्सबर्ग सुमारे ९,००० किमी, दोन्ही बाजूंनी ११ च्या आसपास. वारा आडवा लागतो, त्यामुळे फरक थोडका.

मग दक्षिण गोलार्धातली पूर्व-पश्चिम जोडी. जोहान्सबर्ग ते पर्थ, सुमारे ८,३०० किमी. पूर्वेकडे पर्थला जाताना साडेनऊ तासांच्या जवळपास, परत येताना ११. बरीच मुलं म्हणतील, दक्षिणेत वारा उलटा असणार. तसं नाही, मध्य अक्षांशांत दोन्ही गोलार्धांत वरचे वारे पश्चिमेकडूनच येतात. हा प्रश्न त्यांना आधी विचारा आणि नंतर वेळापत्रक दाखवा, मजा येईल.

आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्क-लंडन. सुमारे ५,५४० किमी, एरवी पूर्वेकडे ७ तासांच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळ अटलांटिकवर असताना ब्रिटिश एअरवेजचं जंबो ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. त्याच वाऱ्यात त्या रात्री कुणी लंडनहून न्यूयॉर्कला निघालं असेल, त्याची बातमी कोण छापतो?

गणोबा

काकांच्या प्रतिसादाला +१.

अवांतर: या वाऱ्याचा शोधही जपानातलाच आहे. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्याची मोजणी करत होते. त्यांना हिवाळ्यातला हा प्रचंड वारा सापडला. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल काढला तो एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत, आणि बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बी-२९ विमानांना हा वारा प्रत्यक्ष लागला तेव्हा त्यांची पंचाईत झाली. आणि १९४४-४५ मध्ये जपानने याच वाऱ्याच्या भरवशावर कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून ते प्रशांतापार अमेरिकेकडे सोडले.

आणखी एक अवांतर, गणिताचं. विमान ११ किमी उंचीवरून जातं म्हणजे त्याचं वर्तुळ मोठं, मग अंतर किती वाढतं? ६,३७१ ला ११ म्हणजे ०.१७ टक्का. ८,८१५ किमीमागे फक्त १५ किमी, मिनिटभराचं काम. मुलं हा प्रश्न विचारतातच.

खिडकीशेजारी

माझा जुना प्रश्न आता विचारून घेते. लॉस एंजेलिसला उतरताना विमान समुद्रावरून येतं, किनारा दिसतो, विमानतळसुद्धा दिसतो, आणि विमान त्याला सोडून शहरावरून आत निघून जातं. मग बऱ्याच वेळाने वळून येतं. इतक्या लांबून आलेल्या माणसाचा तिथे अंत बघतात. सरळ का उतरत नाहीत?

चॉक्स_ऑन

कारण पुन्हा वारा, फक्त या वेळी जमिनीलगतचा. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि चढतं. तिथे समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून वारा असतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागतं, आणि त्यासाठी आधी पूर्वेला जावं लागतं. शिवाय तिथे एकटं तुमचंच विमान नसतं, रांगेत शिरावं लागतं. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आवाजाचा त्रास नको म्हणून वारा परवानगी देईल तेव्हा समुद्राच्या बाजूने सरळ उतरवतात. त्या वेळेचं विमान मिळालं तर तुमचा वळसा वाचेल, झोप मात्र जाईल.

निघतानाही हेच. पश्चिमेकडे चढून पूर्वेला जायचं असेल तर अर्धं वर्तुळ आलंच. हे अंतर नेटवरच्या कुठल्याही आकड्यात धरलेलं नसतं.

आणि वेळापत्रकातला वेळ हा उडण्याचा वेळ नव्हेच. तो ब्लॉक टाइम. चाकांचे चॉक (विमान हलू नये म्हणून लावलेले ठोकळे) निघाल्यापासून दुसरीकडे चॉक लागेपर्यंतचा. (माझं टोपणनाव तिथूनच आलंय.) धावपट्टीपुढची रांग, हवेतलं घिरट्या घालणं, यांसाठी कंपन्या त्यात थोडी हवा भरून ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं आणि प्रवासी टाळ्या वाजवतात.

रेखावृत्त

‘थोडी हवा भरून ठेवतात’ हे वर्गात सांगितलं तर गोंधळ होईल. :)

मुलीला पुढचा प्रश्न सुचलाय (मी तिला हा धागा वाचून दाखवला). वारा सोडून आणखी कशामुळे वाट लांबते?

चॉक्स_ऑन

देशांमुळे. गोलावर दोरा ताणताना खाली कुणाची हद्द आहे हे दोऱ्याला कळत नाही, आम्हाला कळावं लागतं.

हेलसिंकी-टोकियो घ्या. जवळची वाट रशियावरून, सुमारे ७,८०० किमी, साडेनऊ तास. फेब्रुवारी २०२२ नंतर फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. शहरं तिथेच, अंतर सांगणारी पानं अजूनही तोच आकडा दाखवतात, पण विमानाला १३ तास लागायला लागले. काही खेपा उत्तर ध्रुवावरून जायच्या, काही दक्षिणेकडून वळसा घेऊन. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रं वाटली होती. साडेतीन तास जास्त बसवल्याबद्दल एवढं तरी.

डोंगर आणि समुद्र हेही आहेत. तिबेटच्या पठारावरून लांब वाटा शक्यतो आखत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन १०,००० फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याच्याहून उंच आहे. महासागरावर दुइंजिनी विमानाला एक इंजिन बंद पडल्यावर ठरावीक वेळात कुठल्या तरी धावपट्टीवर पोचता आलं पाहिजे, त्यामुळे वाट त्या धावपट्ट्यांच्या आवाक्यात ठेवायची. अल्यूशनमधल्या ज्या बेटांची नावं कुणाला माहीत नसतात, ती आमच्या कागदावर असायची.

आणि मुलीला हे उदाहरण द्या, माझं सर्वात आवडतं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, युरोप-अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, प्रशांतावरून न्यायला सुरुवात केली. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने लांबली आणि वेळ वाचला! आधी तोंडावर येणारा वारा आता पाठीशी होता. परतीला मात्र ते अटलांटिकवरूनच यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडे, पुन्हा वारा पाठीशी. दोन्ही खेपा पूर्वेकडे, मिळून पृथ्वीप्रदक्षिणा. डिस्पॅचमधला कुठलाही माणूस हे ऐकून खूश होतो.

सरळसोट

हे जबरदस्त आहे. आता मीही गोल आणि दोरा घेऊन बसणार.

तिसरा प्रश्न राहिला की. सोमवारी संध्याकाळी ५ ला निघून सोमवारी सकाळी ११ ला पोचणं.

रेखावृत्त

तो माझा प्रांत. टोकियोची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ९ तास पुढे, लॉस एंजेलिसची उन्हाळ्यात ७ तास मागे, फरक १६ तास. संध्याकाळी ५ अधिक १० तास म्हणजे टोकियोत मंगळवारचे पहाटेचे ३. त्यातून १६ वजा केले की लॉस एंजेलिसचे सोमवार सकाळचे ११. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. परतीला दुपारी १२ ला निघालं तर पावणेबारा तासांनी तिथले रात्रीचे पावणेबारा, टोकियोत मंगळवार दुपारचे पावणेचार. मुलांना एवढंच बजावते: आधी दोन्ही वेळा यूटीसीत करा, मग वजाबाकी. हिवाळ्यात अमेरिकेची घड्याळं बदलतात, तेव्हा १६ चे १७ करायला विसरू नका.

खिडकीशेजारी

काका, जाता जाता एक कामाचा प्रश्न. जानेवारीत याच मार्गावरून जायचं आहे. परतताना टोकियोला उतरून पुढचं विमान पकडायचंय, मध्ये दीड तास आहे. पुरेल?

चॉक्स_ऑन

जानेवारी म्हणजे तीन त्रिकोणांचा महिना, आणि तुम्ही समोरच्या वाऱ्यात येणार. वेळापत्रक बनवताना कंपनी त्या मोसमातला नेहमीचा वारा धरते, पण एखाद्या दिवशी तो त्याहून जोरात असतो आणि अर्धा-पाऊण तास सहज जातो. दीड तासात सुरक्षा तपासणी आणि गेट गाठायचं म्हणजे धावपळ. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर हुकलं तरी पुढच्या विमानात बसवणं कंपनीकडे लागतं, मग धोका पत्करायला हरकत नाही. तिकिटं वेगवेगळी असतील तर तीन तासांचं अंतर ठेवा, आणि विमानतळ तोच आहे ना ते आधी बघा. नारिताला उतरून हानेदाहून निघायचं असेल तर तीन तासही कमी पडतील.

जाताना मात्र उलटं होईल. लवकर पोचाल आणि गेट रिकामं नाही म्हणून विमानातच बसून राहाल.